लिफ्ट उचलेना, स्टेअरिंग वळेना : जुन्या ट्रॅक्टरची घरच्या घरी तपासणी

पेरणी तोंडावर आली आणि ट्रॅक्टरने नांगर उचलला नाही, तर घरातल्या सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो. आमच्या दुसऱ्या हाताने घेतलेल्या जुन्या ट्रॅक्टरचे असेच झाले. मिस्त्रीने पाहताक्षणीच 'पंप गेला' असे सांगितले. त्याने सांगितलेली रक्कम आमच्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती. आम्ही एक रात्र थांबलो. सकाळी तेलाची पट्टी काढून पाहिली, तर तेल खालच्या खुणेपर्यंतही नव्हते. ऑइल सीलमधून ते थेंबथेंब गळून गेले होते. सील बदलले, तेल भरले आणि लिफ्ट उचलू लागली. पंप शाबूत होता!

म्हणून बंधू-भगिनींनो, खर्च करण्याआधी थोडे तपासा.

सपाट जागी ट्रॅक्टर उभा करा, अवजार जमिनीवर टेकवा, इंजिन बंद करा. पहिले काम तेल पाहण्याचे. दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. फेसाळले तर पंप कुठूनतरी हवा ओढतो आहे. मग गाळणी साफ करा. फर्ग्युसन पद्धतीच्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचा पंप पी.टी.ओ.च्या दांड्यावर चालतो. इंग्लंडमधील कॉव्हेन्ट्री येथे १९४६ पासून बनलेला टी.ई. २० हा त्यांतलाच. अशा ट्रॅक्टरचा पी.टी.ओ.चा लिव्हर लावलेला नसेल, तर लिफ्ट हलणारच नाही!

लिफ्ट नीट उचलते, पण इंजिन बंद करताच अवजार खाली बसते. अशा वेळी पंपाआधी सिलिंडरच्या सीलवर आणि व्हॉल्व्हवर संशय घ्यावा.

आता साधे, विनापॉवरचे स्टेअरिंग. जड लागत असेल तर आधी पुढच्या टायरांची हवा पाहा, मग किंगपिनला ग्रीस द्या आणि स्टेअरिंग बॉक्समधील तेल तपासा. ढिले असेल तर दोघांनी मिळून बघावे. एकाने स्टेअरिंग डावी-उजवीकडे थोडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला उभे राहून सांध्यांवर नजर ठेवावी. जिथे एक दांडा हलतो पण पुढचा हलत नाही, तो सांधा झिजलेला. ढिल्या स्टेअरिंगने रस्त्यावर भरलेली ट्रॉली ओढू नका. प्रश्न तुमच्याच नव्हे, समोरून येणाऱ्याच्याही जिवाचा आहे.

दोन गोष्टी मुलांनाही शिकवा. उचललेल्या अवजाराखाली कधीही शिरू नये. तेलाची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाखालचे तेल कातडीत घुसते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा.

घरात शाळेत जाणारे मूल असेल, तर त्याच्याकडे एक वही द्या. तेल कधी भरले, किती भरले, कोणता सुटा भाग बदलला, हे त्याने तारखेसह लिहावे. मिस्त्रीशी बोलताना ती वही हातात असू द्या. आपल्या यंत्राची माहिती आपल्यालाच असली की कोणी उगाच पंप बदलायला लावत नाही.