हातउसनी हत्यारं

टाळगाव चिखलीहून पिंपरीकडे निघालं की सात-आठ किलोमीटरवर एचए कंपनी आहे. ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हे पूर्ण नाव फक्त लेटरहेडवर. बोलण्यात कायम एचए. 1954 साली स्थापन झालेल्या या सरकारी कारखान्यात पुढच्याच वर्षी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, पेनिसिलिन तयार होऊ लागलं. जखम चिघळून माणूस जाण्याचे दिवस सरले, असं तेव्हा अनेकांना वाटलं असेल.

जंतूंची तयारी मात्र आधीच झालेली होती. पेनिसिलिन मोडून टाकणारं विकर 1940 सालीच एडवर्ड अब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये नोंदवलं होतं. तेव्हा हे औषध बाजारातसुद्धा आलेलं नव्हतं. पुढं 1960च्या दशकात लक्षात आलं, की गळवं करणाऱ्या स्टॅफिलोकॉकसमध्ये या विकराचं जनुक पुष्कळदा मुख्य गुणसूत्रावर नसतंच. ते असतं पेशीत वेगळ्या फिरणाऱ्या डीएनएच्या छोट्या कड्यावर. अशा कड्यांना जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 साली नाव दिलं होतं, प्लाझ्मिड.

प्लाझ्मिडचा व्यवहार चाळीतल्या हातउसन्यासारखा असतो. दोन जीवाणू जवळ येतात, एक जण नळीसारखा तंतू पुढं करून दुसऱ्याला ओढून घेतो आणि कड्याच्या दोन धाग्यांपैकी एक पलीकडे सरकवतो. मग दोघंही आपापल्याकडे उरलेल्या धाग्याला नवा जोडीदार विणतात. वाटीभर साखर दिली तर देणाऱ्याच्या डब्यात तेवढी कमी होते. इथं देणाऱ्याचं काहीच कमी होत नाही. शिवाय हे लोक गोत्र पाहत नाहीत. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय न्यूमोनिया करणाऱ्या क्लेब्सिएलाला खुशाल कडं देतो. जपानमध्ये 1950च्या दशकाच्या अखेरीस हगवणीचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले, तेव्हा हा गनिमी कारभार उघडकीला आला.

कडं बाळगण्याचा भार असतो, म्हणून औषध थांबलं की जंतू ते टाकून देतील, अशी आशा वाटते. ती पुरेशी खरी ठरत नाही. काही प्लाझ्मिड एक टिकाऊ विष आणि त्याचा अल्पजीवी उतारा अशी जोडी तयार करतात. विभाजनात एखाद्या पेशीला कडं मिळालं नाही, तर उतारा लवकर संपतो, विष मागं उरतं आणि ती पेशी मरते. सावकारी कर्जालाही इतकी घट्ट गाठ नसेल.

कड्यावर फक्त औषधाविरुद्धची ढाल असते असंही नाही. 1897च्या प्लेगनं पुण्यात घरंच्या घरं ओस पाडली. रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच आजारानं 10 मार्चला गेल्या. त्या प्लेगच्या जंतूचा कहर बराचसा तीन प्लाझ्मिडांवर पेललेला आहे. एकावरच्या जनुकामुळं तो पिसवेच्या पोटात तग धरतो, दुसरं आपल्या पांढऱ्या पेशींना निष्प्रभ करतं, आणि सगळ्यांत लहान असलेलं तिसरं त्याला चाव्याच्या जागेवरून शरीरात पसरायला मदत करतं. यात आणखी एका कड्याची भर पडली तर? 1995 साली मादागास्करमध्ये एका रुग्णात सापडलेल्या प्लेगच्या जंतूकडे असं कडं होतं. प्लेगवरची नेहमीची औषधं, स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनसुद्धा, त्याच्यापुढं हतबल होती.

चीनमधल्या हँगचाऊच्या एका रुग्णालयात 2016 साली याच्या उलट बाजूनं भर पडली. औषधांना न जुमानणाऱ्या क्लेब्सिएलाला मारकतेचं प्लाझ्मिड मिळालं आणि बाधा झालेले पाचही रुग्ण दगावले.

आपल्याकडे हा विषय गाजला तो नावावरून. शेवटच्या फळीतली कार्बापेनेम औषधं फोडणाऱ्या एनडीएम-1 या विकराच्या नावात ‘न्यू दिल्ली’ आलं आणि 2010 साली देशाच्या बदनामीवर रान उठलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या 24 जंतूंपैकी 22 जणांकडे हे विकर आहे. नावावर भांडण्यात आपला जेवढा वेळ गेला, त्याच्या निम्माही या आकड्यावर गेला नाही.

यापुढचा धागा रुग्णालयाबाहेर, नदीत सापडतो. संशोधक नचिकेत मराठे, योआकिम लार्सन आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या मुठा नदीचा गाळ तपासला; निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारी 175 प्रकारची प्रतिरोधक जनुकं त्यांना मिळाली, त्यात एनडीएमही. शहरातल्या गाळात अशा जनुकांचं प्रमाण वरच्या अंगाच्या गाळाच्या 30 पट भरलं. रुग्णालयांना छळणाऱ्या ॲसिनेटोबॅक्टरचा वाटा काही नमुन्यांत 29 टक्क्यांपर्यंत होता. हे औषध कारखान्याचं सांडपाणी नव्हतं. तुमच्याआमच्या संडास-न्हाणीचं, अर्धवट शुद्ध झालेलं किंवा न झालेलं पाणी होतं. गंमत म्हणजे कोलिस्टिन या आणखी एका राखीव औषधाला निष्प्रभ करणारं जनुक शहराच्या वरच्या अंगालाच, एका नमुन्यात मिळालं. ‘वरचं पाणी स्वच्छ’ हा आपला जुना भरवसा.

त्याच गाळात जैवनाशकांना आणि धातूंना तोंड देणारी काही जनुकंही जास्त होती. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्यानं इथं थबकावं. पारा पचवणारी आणि औषध हाणून पाडणारी जनुकं अनेकदा एकाच कड्यावर शेजारी बसलेली असतात. धातूनं निवड केली की ढाल आपोआप जपली जाते. त्यासाठी पाण्यात अँटिबायोटिक असावंच लागत नाही.

औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात 121 अँटिबायोटिक्सचे अवशेष किती चालतील, याच्या मर्यादा केंद्राच्या 2020च्या मसुद्यात होत्या. 2021च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळाल्या. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची परीक्षा आजही जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, तरंगते कण, विष्ठेतले कोलिफॉर्म अशा मोजमापांवर होते. कोलिफॉर्म किती उरले ते कळतं, त्यांच्याजवळ कोणती कडी आहेत ते नाही. चिखलीतल्या केंद्रालाही हीच मोजपट्टी. तिथून इंद्रायणी मोशीवरून आळंदीला जाते, तुळापूरला भीमेत मिसळते. मुठेचं पाणीही मुळेला मिळून पुढं भीमेतच येतं, आणि उजनीच्या जलाशयात दोन्ही एकत्र थांबतात.