१०२२ वजा १३

१०२२ मधून १३ वजा करा. आलेल्या उत्तरातून पुन्हा १३. मोठ्याने, भराभर, आणि समोर मख्ख चेहऱ्याचे परीक्षक बसलेले असताना. चुकलात की लगेच, "चूक. पुन्हा १०२२ पासून." जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ साली मांडलेली ही चाचणी. वजाबाकीच्या आधी नोकरीच्या मुलाखतीसारखं पाच मिनिटांचं भाषणही ठोकावं लागतं. कुणी अंगाला हात लावत नाही, तरी तोंडाला कोरड पडते, छाती धडधडते आणि बहुतेकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल वाढून दुपटीच्याही वर जातं.

खरी गंमत पुढेच आहे. कॉर्टिसॉलचा कळस ऐन परीक्षेत येत नाही, ती संपल्यावर दहा-वीस मिनिटांनी येतो! मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पिट्युटरीला कळवायचं, तिने रक्तातून मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना निरोप धाडायचा. या टपालाला वेळ लागतो. नंतर तेच कॉर्टिसॉल मेंदूत पोहोचून 'आता पुरे' असं सांगतं आणि उतार सुरू होतो. पण झालेल्या फजितीचा रवंथ करत बसलात, तर हा उतार लांबू शकतो.

म्हणजे मनाने लावलेल्या अर्थाला इथे मोल आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लॅझरस यांच्या गटाने १९६४ मध्ये मुलांवर होणाऱ्या एका वेदनादायी विधीचा चित्रपट प्रेक्षकांना दाखवला. दृश्यं तीच, निवेदनं मात्र वेगवेगळी: एक वेदनेवर बोट ठेवणारं, दुसरं 'मुलं तर खुशीत आहेत' म्हणणारं, तिसरं अभ्यासकाच्या कोरड्या सुरातलं. पहिल्यापेक्षा पुढच्या दोन निवेदनांच्या वेळी प्रेक्षकांच्या त्वचेच्या विद्युतवाहकतेत ताण कमी नोंदला गेला. डोळ्यांनी पाहिलं एकच, पण तळहातांनी ऐकलं निवेदकाचं! पुढे मानसशास्त्रज्ञ जेरेमी जेमिसन यांनी २०१२ मध्ये काही जणांना तणावचाचणीआधीच सांगून ठेवलं, की ही धडधड तुमच्या मदतीलाच आली आहे. त्यांचं हृदय अधिक रक्त फेकत होतं आणि रक्तवाहिन्या कमी आवळल्या होत्या.

असा नवा अर्थ लावताना कपाळामागचा मेंदूचा भाग कामाला लागतो. मग तिथेच वीज दिली तर? डोक्यावर ओले स्पंज बांधून एक-दोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतात. मोबाइलच्या चार्जरमधल्या प्रवाहाचा साधारण हजारावा भाग. त्यातलाही बराचसा कातडीतूनच निसटतो. उरलेला पेशींना पेटवत नाही, फक्त त्यांची पेटण्याची तयारी थोडी कमी-जास्त करतो. काही प्रयोगांत यामुळे कॉर्टिसॉल घटलेलं दिसलं, काहींत फरक पडला नाही. माझा कौल तूर्त वाक्याच्या बाजूने; बॅटरीने अजून तेवढा भरवसा कमावलेला नाही.

तेव्हा घरी तारा जोडू नका. वजाबाकी मात्र कुणाला तरी समोर बसवून खुशाल करून पाहा. सुरुवात १००९, ९९६, ९८३ अशी होते.