तेलकट मळ आणि त्याचीं द्रावकें

शिवणयंत्रांत साकळलेलें जुनें वंगण पाण्यानें निघत नाहीं, कारण तेल पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून आपण रॉकेल, पेट्रोल, ॲसिटोन अशा द्रावकांकडे वळतों. त्यांपैकीं कोणतें मळ लवकर काढील, एवढेंच पाहण्याची आपली रीत. वस्तुतः आधीं विचार करावयास हवा तो त्याच्या वाफेचा.

पेटतें तें द्रव नव्हे, त्याची वाफ. रॉकेलावर पेटण्याजोगी वाफ जमण्यास सुमारें ३५ ते ४० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पेट्रोलास शून्याखालीं ४० अंशही पुरतात. म्हणजे बर्फांत ठेवलेलें पेट्रोलसुद्धां पेटण्यास सिद्धच! शिवाय ही वाफ हवेहून तिपटी-चौपटीनें जड. ती जमिनीलगत पसरते, उंबरठा ओलांडते आणि शेजारच्या खोलींतील शेगडीपर्यंत जाते. वास येत नाहीं म्हणून निर्धास्त राहणाऱ्याचें नाक पुष्कळ वर असतें! पेट्रोलांत बेंझीनही असतें, आणि त्यानें रक्ताचा कर्करोग होऊं शकतो. सबब पेट्रोलानें कांहींही पुसणें मला सर्वथा वर्ज्य वाटतें.

मग न पेटणारें द्रावक कां घेऊं नये? हा मोह जुना आहे. कार्बन टेट्राक्लोराइड पेटत नाहीं. एके काळीं तें आग विझविण्याच्या नळकांड्यांतही भरीत. परंतु त्याची वाफ यकृत व मूत्रपिंडें नासविते, आणि ती तप्त धातूवर गेली कीं फॉस्जीन निर्माण होऊं शकतो. पहिल्या महायुद्धांत सैनिकांवर सोडलेला विषारी वायु तो हाच. पुढें कारखान्यांत रूढ झालेलें ट्रायक्लोरोएथिलीन कर्करोगकारक ठरलें. अमेरिकेनें २०२४ सालीं त्यावर बंदीचा नियम काढला.

घरकामास इतकें तीव्र कांहीं बहुधा लागतच नाहीं. स्वयंपाकघराच्या गजांवरील चिकटा गरम पाणी व धुण्याचा सोडा यांनीं निघतो. ॲल्युमिनियमला मात्र सोडा लावूं नये, तें काळवंडतें. यंत्राच्या लोखंडी भागांस चिंधीवर घेतलेलें थोडें रॉकेल पुरे. खिडक्या उघडाव्या, चूल व उदबत्ती विझवावी, विजेची जोडणी आधींच काढावी. नागपूरच्या वैशाखांत तर रॉकेलाचाही भरंवसा धरूं नये. ॲसिटोन रंग व लाख दोन्ही उतरवितो, म्हणून तो आधीं एखाद्या कोपऱ्यावर लावून पाहावा. भिजलेल्या चिंध्या घरांत गोळा करून न ठेवतां बाहेर पसरून वाळवाव्या.

द्रावक सरबताच्या बाटलींत कधींही भरूं नये. मुलानें रॉकेल गिळलेंच, तर त्याला वांती करवूं नये. वर येतांना तें फुप्फुसांत शिरतें व खरा घात तेथेंच होतो. मुलाला तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि बाटलीही सोबत घ्यावी.