क्वालिफायिंगचा लॅप: ओव्हलवर एक दशांश सेकंद कुठे मिळतो

स्टॉक कारच्या सिम्युलेटरवर नव्याने आलेल्यांची एक तक्रार नेहमी ऐकू येते. शर्यतीत गाडी बरी चालते, पण क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे कोण कितव्या जागेवरून सुटणार हे ठरवणाऱ्या वेळेच्या चाचणीत, नाव खालच्या अर्ध्यातच राहते. मागून सुटले की पुढच्यांच्या धडकाधडकीत सापडण्याची शक्यता वाढते, म्हणून क्वालिफायिंगचे हे दोन लॅप, म्हणजे ट्रॅकच्या दोन फेऱ्या, मनावर घेण्यासारखे आहेत.

उदाहरणासाठी आपण आयरेसिंग हा सिम्युलेटर आणि अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातला शार्लट मोटर स्पीडवे घेऊ. 1960 मध्ये सुरू झालेला हा ट्रॅक दीड मैलाचा, म्हणजे सुमारे 2.4 किलोमीटरचा आहे. तो ओव्हल, म्हणजे लंबगोल आहे, आणि सगळी वळणे डावीकडे आहेत. वळणांवर रस्ता 24 अंशांनी आत कललेला आहे. या उताराला बँकिंग म्हणतात. हा सिम्युलेटर मनोरंजनापुरता आहे असे कोणी म्हटले, तर शार्लटमध्येच जन्मलेल्या विल्यम बायरनचे नाव सांगावे. तो आयरेसिंगवर घरी शिकला, मग खऱ्या गाडीत बसला, आणि 2024 व 2025 अशी सलग दोन वर्षे त्याने डेटोना 500 ही शर्यत जिंकली.

आधी एक हिशेब करू. दीड मैल 30 सेकंदांत पार केले, तर सरासरी वेग ताशी सुमारे 290 किलोमीटर होतो, म्हणजे सेकंदाला 80 मीटर. एका दशांश सेकंदात गाडी आठ मीटर जाते. एवढ्याशा फरकाने आपण चार-सहा जागा खाली येऊ शकतो. त्यामुळे एका ठिकाणी अर्धा सेकंद शोधत बसू नये. तो तसा सापडत नाही.

पहिले काम पेडल तपासण्याचे. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पडद्यावरची पट्टी शंभर टक्क्यांवर जाते का ते पाहावे. पुष्कळांची ती थोडी अलीकडेच थांबते, आणि सरळ पट्ट्यावर इंजिन कधीच पूर्ण ताकद देत नाही. उलट बाजूने, ब्रेकवर पाय नुसता टेकलेला असला तरी ब्रेक किंचित लागलेला दिसू शकतो. दोन्ही दोष कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे पेडलची हालचाल संगणकाला नव्याने मोजून देताना, पाच मिनिटांत जातात.

मग पडद्यावर किती रुंद दृश्य दिसावे ते ठरवावे. पडद्याची रुंदी आणि डोळ्यांपासूनचे अंतर भरले की सिम्युलेटर योग्य आकडा काढून देतो. तो सुरुवातीला खूप अरुंद वाटतो, पण वळण किती दूर आहे हे त्यातच खरे कळते. आपल्याकडे गाडी चालवणाऱ्यांना आणखी एक गोष्ट जड जाते. अमेरिकन गाडीत चालक डावीकडे बसतो आणि ओव्हलची बाहेरची भिंत उजवीकडे असते, म्हणजे गाडीची जी बाजू आपल्यापासून लांब तिकडे. अंदाज चुकून आपण भिंतीपासून उगाच मीटर-दीड मीटर आत राहतो. वेग कमी ठेवून मुद्दाम भिंतीजवळून काही लॅप मारावेत, म्हणजे उजवी बाजू नेमकी कुठे आहे ते अंगात मुरते.

आता आपली खरी वेळ काढायची. इथे फसगत ठरलेली असते. सर्वांसाठी खुल्या सरावात दुसऱ्या गाडीमागे राहिले की तिने हवा आधीच बाजूला सारलेली असते आणि आपली गाडी जास्त पळते. याला ड्राफ्ट म्हणतात. अशी मिळालेली वेळ आपली नव्हे. क्वालिफायिंग बहुधा एकट्याने करायचे असते, तिथे तो आकडा गाठता येत नाही, मग आपण जास्त जोर लावतो आणि लॅप आणखी बिघडतो. म्हणून टेस्ट सेशनमध्ये, ट्रॅकवर आपण एकटेच असताना, क्वालिफायिंगइतकेच इंधन आणि तसेच हवामान ठेवून वेळ लावावी. तापलेल्या ट्रॅकवर टायरची पकड कमी होते, त्यामुळे थंड संध्याकाळची वेळ रणरणत्या दुपारी मिळणार नाही.

गाडीची जुळणी, म्हणजे सेटअप, अनेक मालिकांत सर्वांना एकच दिलेली असते. तसे असेल तर हा परिच्छेद सोडून पुढे जावे. बदलाची मुभा असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. इंधन नियमात बसेल तितके कमी ठेवावे, कारण एका गॅलनचे, म्हणजे 3.8 लिटरचे, वजन पावणेतीन किलोंच्या आसपास भरते. टायरमधली हवा शर्यतीपेक्षा थोडी जास्त ठेवून सुरुवात करावी. शर्यतीत टायर तापून दाब वाढायला बरेच लॅप मिळतात, इथे मिळत नाहीत. तिसरी गोष्ट टेपची. ज्या गाड्यांत सोय असते, तिथे पुढची जाळी टेपने झाकली की हवेचा अडथळा कमी होतो आणि पुढची चाके जास्त दाबली जातात. इंजिन तापते, पण दोन लॅप ते सोसते. मात्र पुढची पकड वाढल्याने मागची बाजू सुटू पाहते, ज्याला तिकडे गाडी ‘लूज’ झाली म्हणतात. म्हणून टेप थोडी थोडी वाढवून प्रत्येक वेळी गाडी चालवून पाहावी.

पिटमधून, म्हणजे गाड्या उभ्या राहण्याच्या जागेतून, निघाल्यावरचा पहिला लॅप मोजला जात नाही, आणि म्हणूनच तो वाया घालवला जातो. टायर याच लॅपमध्ये तापवायचे असतात. पण गाडी घसरवून तापवले तर पृष्ठभाग जळतो आणि पकड जाते. वेग वाढवत नेहमीच्या रेषेवरूनच जावे. या लॅपचे शेवटचे वळण मोजल्या जाणाऱ्या लॅपइतक्याच काळजीने घ्यावे. घड्याळ सुरू होताना आपण ज्या वेगात असतो, तो त्याच वळणातून आलेला असतो.

आता मुख्य भाग, वळण. ओव्हलवर ब्रेक उशिरा लावून वेळ मिळत नाही. वळणात जो वेग आपण गमावत नाही, तोच पुढे कामी येतो. आणि वेग खाणारी सर्वांत मोठी गोष्ट ब्रेक नसून स्टिअरिंग आहे. चाके जितकी जास्त वळवावी, तितका टायर रस्त्यावर तिरका घासत जातो आणि गाडी ओढल्यासारखी मंदावते. म्हणून वळण जितके मोठ्या कमानीने घेता येईल तितके चांगले. बाहेरून, भिंतीजवळून आत शिरावे, मध्यावर आतल्या कडेशी यावे आणि निघताना गाडीला पुन्हा भिंतीकडे जाऊ द्यावे.

आत शिरताना अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलणे याला ‘लिफ्ट’ म्हणतात. बहुतेकांचा लॅप इथे बिघडतो. वेळ कमी करायची म्हणून आपण लिफ्ट उशिरा करतो. गाडी वळणात जास्त वेगाने शिरते, पुढची चाके पकड सोडतात आणि स्टिअरिंग फिरवूनही नाक आत येत नाही. ही ‘टाइट’ गाडी. आपण स्टिअरिंग आणखी वळवतो, टायर आणखी घासतो, आणि मध्यावर पाय दाबला की गाडी भिंतीकडे सरकू लागते. मग पाय पुन्हा उचलावा लागतो. हा दुसऱ्यांदा उचललेला पाय फार महागात पडतो, कारण त्याचा तोटा पुढच्या संपूर्ण सरळ पट्ट्यावर मोजावा लागतो. 500 मीटरच्या पट्ट्यावर ताशी 290 ऐवजी 292 किलोमीटर वेग राहिला, तर चार शतांश सेकंद वाचतात. लॅपमध्ये असे दोन पट्टे आहेत.

उपाय उलटा वाटेल, पण हटकून लागू पडतो. लिफ्ट दहा मीटर अलीकडे आणावी. पाय झटकन न उचलता सावकाश काढावा, म्हणजे वजन हळूहळू पुढच्या चाकांवर येते आणि नाक आपोआप आत वळते. मग अ‍ॅक्सिलरेटर एकदाच दाबायचा आणि पुन्हा सोडायचा नाही. निघताना पाय सोडावा लागला, तर शिरतानाचा वेग जास्त होता असे समजावे आणि पुढच्या वेळी लिफ्ट आणखी अलीकडे आणावी. निघताना भिंतीशी जागा उरली, तर पाय थोडा आधी दाबता आला असता. लिफ्टसाठी भिंतीवरची एखादी ठळक खूण धरावी. नुसत्या अंदाजावर दोन लॅप सारखे येत नाहीत.

मोजल्या जाणाऱ्या दोन लॅपपैकी पहिला आणि दुसरा सारखे मानू नयेत. शार्लटसारख्या ट्रॅकवर पहिल्या लॅपमध्ये टायर अजून पूर्ण तापलेले नसतील, तर वळणात थोडे सबुरीने शिरावे. चांगली वेळ लागली की दुसऱ्या लॅपमध्ये थोडा धोका पत्करता येतो, कारण दोन्हींतला चांगला लॅप धरला जातो. पहिल्यात गाडी घसरली असेल, तर टायर जास्त तापलेले असतात आणि दुसऱ्यात लिफ्ट अलीकडेच करावी लागते. डार्लिंग्टनसारख्या खरखरीत ट्रॅकवर टायर लवकर झिजतात, तिथे पहिल्यावरच भर द्यावा. डेटोना आणि टॅलाडेगा या ट्रॅकवर तर पाय उचलायचाच नसतो. वेग चढत जातो, म्हणून दुसरा लॅप सहसा जलद येतो, आणि सारे कसब स्टिअरिंग कमीत कमी हलवण्यात असते.

पडद्यावरची डेल्टा पट्टी आपण सर्वोत्तम लॅपच्या किती पुढे-मागे आहोत ते दाखवते. सरावात ती उपयोगी आहे. क्वालिफायिंगमध्ये मात्र बंद ठेवावी, कारण लाल रंग दिसला की पाय घाई करतो. झाल्यावर रिप्ले जपून ठेवावा आणि त्यात दोनच जागा पाहाव्यात: पाय दुसऱ्यांदा कुठे उचलला, आणि निघताना भिंतीपाशी किती जागा रिकामी राहिली.