सातबारा चटकन कसा सापडतो?

समजा, वसईच्या एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या तुमच्या आजोबांना तालुक्यातल्या आपल्या शेताचा सातबारा ‘महाभूलेख’वर पाहायचा आहे. संगणक आधी जिल्हा, तालुका, गाव विचारतो. पालघर, वसई असे निवडत गेले की राज्यातले बाकीचे उतारे बाजूला पडतात. मग गट क्रमांक.

माहिती तक्त्यांत मांडून त्यांची सांगड घालण्याची रीत कॉड यांनी १९७० साली सुचवली. पण १० लाख ओळींचा तक्ता पहिल्या ओळीपासून वाचत गेल्यास सरासरी ५ लाख ओळी वाचाव्या लागतील! म्हणून सूची करतात. पुस्तकाच्या शेवटी असते तशीच, पण झाडासारखी. दर पायरीवर १०० फांद्या फुटल्या, तर १०० × १०० × १०० = १० लाख, म्हणजे तीनच पायऱ्या. फांद्या दोनच असत्या तर वीस लागल्या असत्या.

आजोबांना गट क्रमांक आठवेना तर? मग नावांची निराळी सूची हवी. ती आडनावाने लावली असेल, तर ‘पाटील’ लगेच सापडतील; नुसत्या ‘जनार्दन’साठी मात्र सारी यादी चाळणे आले. बरे, प्रत्येक रकान्याची सूची केली, तर दर फेरफाराला तितक्या सूच्या दुरुस्त कराव्या लागतात आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याची नोंद रेंगाळते.