टेस्ट फेल झाली, एआय दुरुस्त करेल; पण त्याच्या हातात नेमकं काय द्यायचं?

ॲपवरून तिकीट काढलं, पैसे कट झाले, पण तिकीट काही आलं नाही. असं झालं की आपण ॲपला शिव्या घालतो. पण बऱ्याचदा घोळ समोरच्या स्क्रीनवर नसतोच, तो असतो मागे, एपीआयमध्ये.

हा घोळ लोकांपर्यंत पोहोचायच्या आधी सापडावा म्हणून कंपन्या एपीआयच्या टेस्ट घेतात. टेस्ट फेल झाली की एखादा डेव्हलपर चूक शोधत बसायचा. आता हे काम क्लॉड कोड, कर्सर, गिटहब कोपायलट अशा एआय कोडिंग एजंटकडेही दिलं जातंय. पण खरी मेख इथंच आहे. 'टेस्ट फेल झालीये, दुरुस्त कर' एवढंच सांगितलं, तर एजंट अंदाजपंचे कोड बदलत सुटतो.

आधी एपीआय टेस्ट म्हणजे काय ते बघू

एपीआय म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. ॲप सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवतं, सर्व्हर रिस्पॉन्स देतो. सोबत तीन आकडी स्टेटस कोड येतो. २०० म्हणजे सगळं ठीक, ४०१ म्हणजे ओळख पटली नाही, ४०४ म्हणजे मागितलेलं सापडलं नाही आणि ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच गडबड झाली.

टेस्टमध्ये ठरावीक रिक्वेस्ट पाठवून उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का, ते तपासलं जातं. मूळचं बंगळुरूचं पोस्टमन हे यासाठी जगभर वापरलं जाणारं टूल.

मग नुसता 'फेल' हा निकाल का पुरत नाही?

समजा, ८०० रुपयांच्या तिकिटावर १० टक्के सवलतीचं कूपन लावलं. उत्तर यायला हवं ७२० रुपये. आला मात्र स्टेटस कोड ५००.

रिपोर्टमध्ये एवढंच दिसतं, 'हवा होता २००, मिळाला ५००'. पण कारणं अनेक असू शकतात. कूपनची मुदत संपली असेल आणि कोडला ते हाताळता आलं नसेल. डेटाबेस बंद असेल. किंवा ८०० हा आकडा संख्येऐवजी मजकूर म्हणून गेला असेल. एजंटला कोड वाचता येतो, पण टेस्टच्या त्या क्षणी सर्व्हरवर काय घडलं, हे त्याला कुणीतरी द्यावं लागतं.

याचं दुसरं टोक म्हणजे हजारो ओळींचा अख्खा लॉग त्याच्यासमोर ओतणं. एजंट एका वेळी किती मजकूर ध्यानात ठेवू शकतो, याला मर्यादा असते. नको त्या ओळींच्या गर्दीत कामाची ओळ हरवते.

केस पेपरमध्ये काय काय हवं?

दवाखान्यात जसा पेशंटचा केस पेपर असतो, तसाच फेल झालेल्या टेस्टचा बनवायचा. त्यात या गोष्टी हव्यात :

- टेस्टचं नाव, काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं
- पाठवलेली रिक्वेस्ट जशीच्या तशी : पत्ता, हेडर आणि आतला मजकूर
- आलेला रिस्पॉन्स : स्टेटस कोड आणि एररचा मजकूर
- सर्व्हर लॉगमधल्या फक्त त्याच रिक्वेस्टच्या ओळी
- कोडची कोणती आवृत्ती होती आणि टेस्ट कुठे चालवली
- तीच टेस्ट पुन्हा चालवायची कमांड

शेवटचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. चूक पुन्हा घडवता आली, तरच ती खरोखर गेली की नाही हे एजंटला स्वतः तपासता येतं.

४० टेस्ट फेल, चूक मात्र एकच

लॉगिनच बिघडलं असेल, तर त्यानंतरच्या सगळ्या टेस्ट ४०१ देत फेल होतात. अशा वेळी ४० केस पेपर पाठवले, तर एजंट ४० ठिकाणी ठिगळं लावू शकतो. म्हणून सारख्या एररचे गट करून सगळ्यात आधी फेल झालेली टेस्ट पुढे ठेवायची. नेटवर्क अडखळल्यामुळे एखादी टेस्ट कधी पास, कधी फेल होते. तीही आधीच बाजूला काढायची. नाहीतर एजंट नसलेली चूक दुरुस्त करायला जातो.

हिरवी टिक म्हणजे दुरुस्ती नव्हे

टेस्ट पास करायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे कोड नीट करायचा, दुसरा म्हणजे पळवाट काढायची. उदाहरणार्थ, कोडमध्ये थेट '७२०' लिहून टाकायचं. टेस्ट पास होते, पण पुढच्या प्रत्येक प्रवाशाचा हिशोब चुकतो. ही नुसती कल्पना नाही. अँथ्रोपिकने फेब्रुवारी २०२५ मध्ये क्लॉड ३.७ सॉनेट आणलं, तेव्हा हे मॉडेल कधीकधी फक्त टेस्ट पास होण्यापुरता कोड लिहितं, हे कंपनीने स्वतःच्याच अहवालात नोंदवलं होतं.

म्हणून टेस्टला हात लावायचा नाही, हे केस पेपरवरच लिहायचं. टेस्टच चुकीची वाटली तर एजंटने ती बदलू नये, तसं कळवावं. एपीआयने कसं वागायचं हे सांगणारा दस्तऐवज सोबत दिला, तर चूक कोडची की टेस्टची हे ठरवणं सोपं जातं. दुरुस्तीनंतर एकच नाही, सगळ्या टेस्ट चालवायच्या आणि बदल माणसाने वाचायचा.

तुमच्या माहितीचं काय?

रिक्वेस्टमध्ये लॉगिन टोकन, मोबाइल नंबर, ईमेल असू शकतात. ते तसेच एजंटला दिले, तर ही माहिती बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकते. त्यामुळे केस पेपर बनतानाच ती झाकायची. मात्र 'इथे टोकन होतं, ते झाकलंय' अशी खूण ठेवायची. नाहीतर टोकन नसणं हीच चूक, असं एजंटला वाटेल.

दुसरा धोका म्हणजे रिस्पॉन्समध्ये कुणीतरी मुद्दाम पेरलेली सूचना. एजंट ती आज्ञा समजून पाळू शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. ओडब्ल्यूएएसपी या सायबर सुरक्षेतल्या संस्थेच्या २०२५ च्या यादीत भाषा मॉडेलवर चालणाऱ्या ॲप्ससाठीचा हा पहिल्या क्रमांकाचा धोका आहे. म्हणून सर्व्हरकडून आलेला मजकूर हा फक्त पुरावा आहे, आदेश नाही, हे केस पेपरमध्ये स्पष्ट वेगळं दाखवावं लागतं. पण असं लिहिल्याने धोका पूर्ण टळत नाही. त्यामुळे एजंटला खऱ्या ग्राहकांच्या डेटाबेसची चावी न देणंच शहाणपणाचं.

तसं बघितलं तर यातलं बरंचसं जुनंच आहे. पुटी या प्रसिद्ध सॉफ्टवेअरचे कर्ते सायमन टॅथम यांनी १९९९ मध्येच चूक कशी कळवावी यावर लेख लिहिला होता. काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे नेमकं सांगा, हा त्याचा गाभा. फरक इतकाच, की अर्धवट तक्रार मिळाली तर माणूस उलट प्रश्न विचारतो. एजंट अनेकदा न विचारताच कामाला लागतो.