मऊ दगडाची शेगडी

फिनलंडच्या पूर्व भागातल्या यूका परिसरात एक करडा दगड निघतो. हाताला तो साबणासारखा गुळगुळीत लागतो. आपल्याकडे त्याच्या जातभाईला शंखजिरे म्हणतात. बेलूर-हळेबीडच्या होयसळ मंदिरांचे नाजूक कोरीवकाम याच कुळातल्या दगडावरचे. फिनलंडमध्ये मात्र त्याच्या टनाहून जड, लाकडावर चालणाऱ्या शेगड्या बांधतात. तास-दोन तास जाळ केला की विस्तव विझल्यावरही खोली कित्येक तास उबदार राहते.

या दगडात मुख्यतः दोनच खनिजे असतात, टाल्क आणि मॅग्नेसाइट. टाल्क इतके मऊ की मोह्सच्या काठिण्यश्रेणीत त्याचा क्रमांक १. मग हा दगड आगीपुढे टिकतो कसा? मॅग्नेसाइटमुळे उष्णता दगडभर झपाट्याने पसरते, त्यामुळे एक बाजू तापलेली आणि दुसरी गार असा ताण फारसा पडत नाही. उलट, ग्रॅनाइटमधले क्वार्ट्झ ५७३ अंश सेल्सिअसला एकदम फुगते. संगमरवरातले कॅल्साइट तापल्यावर एका दिशेने प्रसरण पावते आणि आडव्या दिशेने चक्क आकसते. वारंवार तापवले की कण एकमेकांपासून सुटू लागतात.

साफसफाईचे नियमही या दोन खनिजांतूनच निघतात. मॅग्नेसाइट हे कार्बोनेट, म्हणून लिंबू, व्हिनेगर किंवा फरशीचे आम्लयुक्त द्रावण वापरू नये. टाल्क मऊ, म्हणून तारेची घासणीही नको. शेगडी पूर्ण गार झाल्यावर कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ फडके एवढे पुरते. तरीही ओरखडा उठलाच तर ओला बारीक पॉलिशपेपर हलक्या हाताने फिरवावा. आतबाहेर एकच दगड असल्याने खालचा थरही तसाच निघतो. गुळगुळीत पॉलिश केलेल्या ग्रॅनाइटवर हे करून पाहू नये!

स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या अशाच दगडाला खनिज तेल चोळून गडद रंग आणतात. शेगडीला ती हौस परवडत नाही, तापल्यावर तेलाचा धूर आणि वास घरभर पसरतो. दगडात छिद्रे अगदी कमी असल्याने तेलाचा डाग मुळात फार आत जात नाही. ओल्या पुसणीनंतरचा पहिला जाळ मात्र लहानच असावा, म्हणजे सांध्यांत मुरलेले पाणी सावकाश निघून जाते.

शेगडीच्या दाराच्या काचेवरची काजळी ओल्या वर्तमानपत्राला थोडी लाकडाची राख लावून पुसावी. राखेतला क्षार डांबरट थर सोडवतो. राख आधी चाळून घ्यावी. एखादा खडा राहिला तर काचेवर चरा पडतो.